परदेशात अवे मॅचला गेल्यावर आपलीच माणसं धिंगाणा घालतात तेव्हा आपण गप्प का बसतो?

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. मागच्या सीझनला आमच्या क्लबची दुसऱ्या देशात अवे मॅच होती, आम्ही सात-आठ जण गेलो होतो. स्टेडियमकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये आमचेच शर्ट घातलेले चाळीसेक जण, गाणी चाललेली, छतावर हात आपटून ठेका धरलेला, इथपर्यंत मजाच होती. मधल्या एका स्टॉपला एक आजी चढल्या, हातात भाजीची पिशवी. दोन पोरं त्यांच्या अगदी तोंडासमोर जाऊन ओरडायला लागली आणि एकाने पिशवीला हात घालून काय आणलंय बघू असं सुरू केलं. आजींनी पिशवी छातीशी धरली आणि पुढच्याच स्टॉपला उतरल्या. तो त्यांचा स्टॉप नव्हता, कारण ट्रॅम सुटली तेव्हा त्या तिथेच पुढच्या ट्रॅमची वाट बघत उभ्या होत्या. डब्यातले निम्मे हसले, उरलेले मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत बसले. त्या उरलेल्यांत मीही होतो.

तेव्हापासून मला ते "दोन-चार नासके असतात, बाकी सगळे चांगले" हे वाक्य ऐकवत नाही. दोन-चार असतात हे खरंच आहे, पण त्या दोन-चारांना एकट्याने हे करायची हिंमत होत नाही, बाकीच्या गर्दीच्या आडोशाने होते. मार्च २०१६ मध्ये माद्रिदच्या प्लाझा मायोरमध्ये पीएसव्ही या डच क्लबच्या फॅन्सनी भीक मागणाऱ्या बायकांपुढे नाणी फेकली, त्यांना जोर मारायला लावले, त्यांच्यासमोर नोट जाळली. आजूबाजूच्या टेबलांवर त्याच क्लबचे कितीतरी जण बिअर पीत बसले होते. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसच्या मेट्रोत चेल्सीच्या फॅन्सनी एका काळ्या माणसाला डब्यात चढू दिलं नाही, दोनदा ढकलून बाहेर काढलं आणि वर आपण वर्णद्वेषी आहोत अशी गाणी म्हटली. कोणीतरी मोबाईलवर शूट केलं म्हणून जगाला कळलं, आणि पुढे २०१७ मध्ये कोर्टाने चौघांना दोषी ठरवलं. डब्यात चारच माणसं होती का हो?

दुसऱ्याच्या शहरात आपण पाहुणे असतो आणि आपला शर्ट घातलेल्याला आवरायची पहिली जबाबदारी आपलीच, पोलिसांची नंतर. माझं म्हणणं एवढंच.

सव्वातास_कोंडलेला

तुमच्या ट्रॅमच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण बाकी अजिबात पटलं नाही. पाहुणा पाहुणा म्हणताय, पाहुण्याला कोणी कसं वागवतं ते एकदा अवे एंडला, म्हणजे पाहुण्या फॅन्सच्या स्टँडमध्ये, बसून बघा, म्हणजे बसला असालच, पण मग विसरला असाल.

माझ्या नावाचा किस्सा सांगतो. परदेशातली मॅच, आम्ही हरलो, शिट्टी वाजली, होम फॅन्स निघून गेले, आणि आम्हाला पोलिसांनी स्टँडमध्ये सव्वा तास उभं ठेवलं. स्वच्छतागृहाला कुलूप, पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतलेली, माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका, त्यांना उभं राहवेना म्हणून ते पायरीवर बसले तर एका पोलिसाने काठीने खुणावून उठवलं. सोडलं तेव्हा शेवटची मेट्रो गेलेली. कोणी काही तोडलं नव्हतं, कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. तुमच्या हिशोबाने त्या काकांनी कोणाला आवरायला हवं होतं?

आणि हा एकट्या माझा किस्सा नाही. २८ मे २०२२, पॅरिस, चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. हजारो लोक खरी तिकीटं घेऊन चिंचोळ्या वाटेत अडकले, गेट बंद, वरून अश्रुधूर, त्यात लहान पोरं आणि व्हीलचेअरवरची माणसं. मॅच ३६ मिनिटं उशिरा सुरू झाली आणि स्टेडियमच्या स्क्रीनवर कारण काय दिलं, तर फॅन्स उशिरा आले! फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं तीस-चाळीस हजार लोक बनावट तिकीटं घेऊन किंवा तिकीटाशिवाय आले होते. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, स्वतःच नेमलेल्या स्वतंत्र समितीने सांगितलं की मुख्य जबाबदारी यूएफाची, आणि तो बनावट तिकीटांचा आकडा टिकला नाही. सीसीटीव्हीचं फुटेज तर कोणी वेळेत मागितलंच नाही म्हणून आपोआप पुसलं गेलं. त्या गर्दीत इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीतून वाचलेली माणसं होती, जिथे १९८९ ला ९७ जीव गेले आणि तेव्हाही पहिल्या दिवसापासून फॅन्सनाच दोष दिला होता. "फॅन म्हणजे गुंड" हे मनात पक्कं धरून बसलं की असं होतं.

लेफ्टबॅक

धागाकर्त्यांशी सहमत, उलट ते मवाळ बोलतायत. माझं मत, परदेशी अवे फॅन्सचा कोटाच बंद करा. यूएफाच्या नियमाने स्टेडियमच्या ५ टक्के जागा पाहुण्यांना द्याव्या लागतात, त्या काढून टाका. २०१५ ला फेयेनूर्ड या डच क्लबवाल्यांनी रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याचा बार्काच्चा कारंजा बाटल्या मारून मारून टवके उडेपर्यंत खराब केला. सतराव्या शतकातलं बर्निनी बाप-लेकाचं काम, डागडुजी होऊन काही महिनेच झाले होते. कशासाठी? एका राउंडच्या मॅचसाठी? घरी बसून टीव्हीवर बघा.

मिडफिल्ड_माधवी

लेफ्टबॅक, कोटा बंद करून काय होतं त्याची दोन उदाहरणं आहेत, दोन्ही २०२३ ची. नेपल्सला फ्रँकफर्टच्या फॅन्सना तिकीटं नाकारली, तरी शेकडो जण तिकीटाशिवाय आले. त्यांना नेमून दिलेली जागा नाही, ठरलेला रस्ता नाही, त्यामुळे मारामारी शहराच्या मध्यभागी झाली आणि पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्याच उन्हाळ्यात अथेन्सला तिथला क्लब एईके आणि क्रोएशियाचा दिनामो झाग्रेब यांच्या मॅचला पाहुण्या फॅन्सना बंदी होती. तरी झाग्रेबचे शंभरावर लोक गाड्यांनी तीन-चार देश ओलांडून आले आणि मॅचच्या आदल्या रात्री २९ वर्षांच्या एका ग्रीक फॅनचा खून झाला. बंदीने साधा फॅन घरी बसतो, ज्याला मारामारीच करायचीय तो येतोच. वर त्याला गर्दीत ओळखणारं, थांबवणारं कोणी उरत नाही.

माणूस बघून बंदी घालायला माझी हरकत नाही. युरो २००० मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, बेल्जियममधल्या शार्लरवा आणि ब्रसेल्स शहरांत इंग्लंडच्या फॅन्सनी जे केलं त्यानंतर इंग्लंडने कायदा केला, कोर्टाने बंदी घातली की ३ ते १० वर्षं मॅच बंद आणि परदेशातल्या मॅचच्या काळात पासपोर्ट पोलिसांकडे जमा. ज्याने केलं त्याला शिक्षा. सगळ्या स्टँडला नाही.

निळी_छत्री

मी फॅनबिन नाही, ऑफसाईड कशाला म्हणतात तेही मला नीट सांगता येणार नाही. पण मी दोन वर्षं एका युरोपियन शहरातल्या मोठ्या चौकात कॅफेत काम केलंय, म्हणून लिहितेय.

मॅचच्या दिवशी सकाळी मालक खुर्च्या साखळीने बांधायला सांगायचा आणि काचेचे ग्लास आत ठेवून प्लास्टिकचे काढायचा. दुपारपासून चौक भरायचा. खरं सांगते, बहुतेकांनी मला कधी त्रास दिला नाही, टिप भरपूर द्यायचे, एका टोळीने तर माझं नाव विचारून त्यावर गाणं केलं होतं आणि मला ते आवडलं होतं. पण रात्री बाटल्या फुटायच्याच, कारण दुकानातून आणलेल्या काचेच्या बाटल्या कोण अडवणार. दुसऱ्या दिवशी पहाटे झाडूने वरवरच्या काचा निघायच्या, पण चौकातली फरशी जुन्या दगडांची, त्या फटींमध्ये हिरवा चुरा अडकलेला असायचा आणि तो आम्ही गुडघ्यावर बसून बोथट सुरीने उकरून काढायचो, कारण आठ वाजता तिथून शाळेची मुलं जायची. तोपर्यंत तुमचं विमान उडालेलं असायचं.

सव्वातास, तुम्हाला कोंडलं हे चूकच आहे. पण तुम्ही दोघं भांडताय ते फॅन आणि पोलीस यांच्यावर, आणि ज्यांच्या शहरात हे होतं ती माणसं, ती आजी, कुठेच नाहीत तुमच्या बोलण्यात. धागाकर्त्यांनी निदान सुरुवात तिच्यापासून केली.

जुना_चेंडू

छत्रीताई, फार नेमकं लिहिलंत. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, हेझेल स्टेडियमची दुर्घटना मला आठवते म्हणून थोडं लांबण लावतो.

२९ मे १९८५, ब्रसेल्स, युव्हेंटस आणि लिव्हरपूलची फायनल. लिव्हरपूलचे लोक मधली कुचकामी जाळी ओलांडून शेजारच्या झेड ब्लॉकवर, म्हणजे स्टँडच्या पुढच्या भागावर, धावून गेले, तिकडची माणसं भिंतीकडे पळाली, चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली. ३९ मेले, त्यातले ३२ इटालियन. आणि त्यानंतर मॅच खेळवली, हे मी टीव्हीवर बघितलंय. इथे दोन्ही बाजूच्या लोकांना आपापलं हत्यार सापडतं. लिव्हरपूलच्या १४ जणांना शिक्षा झाली, इंग्लिश क्लबांना ५ वर्षं युरोपबंदी लागली, ती योग्यच होती. पण झेड ब्लॉक तटस्थ बेल्जियन लोकांसाठी म्हणून ठेवलेला, त्याची तिकीटं इटालियन लोकांच्या हाती गेली, स्टेडियमच्या भिंती जीर्ण झालेल्या, आणि बेल्जियमच्या एका पोलीस कॅप्टनला आणि फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यालाही कोर्टाने दोषी धरलं. म्हणजे फॅन धावून गेले नसते तर कोणी मेलं नसतं, आणि भिंत धड असती तर इतके मेले नसते. मला यातलं एकही वाक्य दुसऱ्यासाठी सोडता येत नाही.

आता सव्वातास यांच्या बाजूने एक गोष्ट. युरो २००४, पोर्तुगाल. चार वर्षांपूर्वीच बदनाम झालेले इंग्लंडचे फॅन्स प्रचंड संख्येने आले. क्लिफर्ड स्टॉट नावाचे मानसशास्त्रज्ञ गर्दीवर काम करतात, त्यांच्या टीमच्या सल्ल्याने मॅच होणाऱ्या शहरांतल्या पोलिसांनी हेल्मेट-ढाली बाजूला गाडीत ठेवल्या, साध्या गणवेशात जोडीजोडीने फॅन्समध्ये फिरले, बोलले, गंमत चालू दिली आणि कोणी हद्द ओलांडली की फक्त त्यालाच बाजूला घेतलं. त्या शहरांत इंग्लंडच्या फॅन्सचा गोंधळ जवळपास झालाच नाही. दंगल झाली ती अल्बुफेराला, समुद्रकिनाऱ्यावर, जिथे मॅच नव्हती आणि पोलीस दलही वेगळं होतं, जुन्याच पद्धतीचं. कारण साधं आहे. सगळ्यांवर लाठी उगारली की साधा माणूसही दंगेखोराच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कारण तेव्हा तो आपला वाटायला लागतो. सगळ्यांना माणसासारखं वागवलं की दंगेखोर एकटा पडतो आणि त्याला आवरायला त्याचेच लोक पुढे होतात.

म्हणजे धागाकर्त्याला जे हवंय ते सव्वातास यांना हवंय त्यातूनच येतं, असं मला वाटतं.

लेफ्टबॅक

माधवी, अथेन्सचं मला माहीत नव्हतं, सरसकट बंदीचं मत मागे घेतो. पण मग दारू तरी बंद करा. २०२२ ला कतारमध्ये स्टेडियमच्या आवारात बिअर नव्हती आणि इंग्लंड-वेल्सच्या एकाही फॅनला अटक झाली नाही.

मिडफिल्ड_माधवी

कतारला जाण्याचा खर्च आणि प्रत्येकाची आधीच झालेली नोंदणी हेही त्यात धरा, नुसती बिअर नाही. आणि स्कॉटलंडचे लोक २०२४ ला जर्मनीत शहरंच्या शहरं भरून प्यायले, ५-१ ने हरले, तरी बॅगपाईप वाजवतच होते. २०१६ ला मार्सेलमध्ये ज्या रशियन टोळ्यांनी इंग्लंडच्या लोकांवर हल्ला केला त्या तर तयारी करून, हातमोजे घालून आलेल्या. दारूने वाढतं हे मान्य, दारूने सुरू होतं हे नाही.

सव्वातास_कोंडलेला

जुना_चेंडू, दंगेखोर आपला वाटायला लागतो हे वाक्य वाचून थांबलो. त्या रात्री स्टँडमध्ये शेवटी एकाने सीट उखडून पोलिसांकडे फेकली आणि मी टाळी वाजवली होती. हे मी मघाशी लिहिलं नाही. सीट लागली असती कोणाला तर.

पण मला ते जपानचं उदाहरण कोणी देऊ नका, कारण दर वेळी येतं. २०१८ ला रोस्तोवमध्ये २-० वरून बेल्जियमशी शेवटच्या क्षणी ३-२ ने हरून, रडत रडत स्टँड झाडून गेले, हे थोर आहे, मी कौतुकच करतो. पण आम्ही कचरा उचलला नाही म्हणून आम्हाला कोंडायचं, असं होत नाही.

निळी_छत्री

कचरा उचला असं मी म्हणत नाहीये. २०१६ च्या युरोत आयर्लंडचे लोक बोर्डोच्या ट्रेनमध्ये एका तान्ह्या बाळासाठी अंगाई म्हणत होते तो व्हिडिओ बघा. तीच गर्दी, तेच शर्ट, तसाच भरलेला डबा. बाळ बघून कोणीतरी एकाने आवाज खाली आणला असेल आणि बाकीच्यांनी तो पकडला. पॅरिसने नंतर दोन्ही आयर्लंडच्या फॅन्सना शहराचं पदक दिलं. कॉर्नरफ्लॅग, तुमच्या ट्रॅममध्ये आवाज खाली आणणारा तो एक नव्हता, एवढाच फरक.

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सव्वातास, तुमच्या काकांचा किस्सा वाचून माझं एक मत बदललं. मी पोलीस नंतर असं लिहिलं होतं, ते चुकलं. पोलीस पहिल्या मिनिटापासून तिथे असतात आणि ते कसे उभे राहतात त्यावर आमच्यातला कोण मोठा होतो ते ठरतं. स्टॉट यांच्या कामाबद्दल वाचतो आता.

पण ट्रॅममध्ये एकही पोलीस नव्हता. कोणी आमच्यावर लाठी उगारली नव्हती, कोंडलं नव्हतं, मॅचही अजून सुरू व्हायची होती. तिथे कारण द्यायला माझ्याकडे काहीच नाही. मी बरेचदा आठवून बघितलं की काय करता आलं असतं. भांडायची गरज नव्हती. उठून त्या पोराच्या आणि आजींच्या मध्ये उभं राहिलो असतो, दांडी धरून, पाठ आजींकडे, आणि त्याला म्हटलं असतं चल रे पुढचं गाणं घे, तर बहुतेक त्याने घेतलं असतं.

सव्वातास_कोंडलेला

पुढच्या महिन्यात ड्रॉ आहे, कोण कोणाशी खेळणार त्याची सोडत. तुमचा क्लब कोणता माहीत नाही, पण आपला एकच असेल तर मीही येतोय. आमची फॅन संघटना मॅचनंतरच्या कोंडून ठेवण्याविरुद्ध यूएफाला पत्र लिहितेय, त्यावर तुमची सही हवी.

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

करतो. तुम्ही ट्रॅममध्ये माझ्या शेजारी उभे राहा.