कृष्णधवल वेस्टर्न: ब्लू-रे चालत नाही, डीव्हीडीत माणसं फुगलेली

आर्वीकर (जि. वर्धा)
गावच्या वाचनालयात महिन्याला एक जुना वेस्टर्न (अमेरिकी काउबॉयपट) दाखवायचा बेत आहे. ४३ इंची टीव्ही आणि भारतातच घेतलेला ब्लू-रे प्लेअर आहे. अमेरिकेतून आलेली 'स्टेजकोच'ची (१९३९) क्रायटेरियन कंपनीची ब्लू-रे टाकली की रिजन (डिस्क ज्या प्रदेशासाठी बांधलेली तो) चुकीचा म्हणून डिस्क नाकारली जाते. 'हाय नून'ची (१९५२) इथली डीव्हीडी चालते, पण माणसं बुटकी-रुंद दिसतात, आभाळ पांढरंफटक, आणि चौकड्याच्या कापडावर रंगीत चमक येते. 'रेड रिव्हर'च्या (१९४८) दोन आवृत्त्या आहेत, त्यातली कोणती दाखवावी? लाइटचा भरवसा नाही, हेही धरून सांगा.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)
ब्लू-रेचे रिजन तीन. अमेरिका ए, युरोप बी, आपण सी. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्लू-रे ए-ला बांधलेल्या असतात, म्हणून तुमचा प्लेअर त्या घेणार नाही. सेटिंगमधला 'देश' बदलून काही होत नाही जी, तो मुलांसाठीच्या बंधनांकरिता असतो. रिमोटवरून आकडे दाबायची जी युक्ती फिरते, तिने बहुतेक वेळा फक्त डीव्हीडीचा रिजन सुटतो. ए-बी-सी बदलता येणारा मल्टिरिजन प्लेअर घ्या, किंवा रिजनमुक्त डिस्क निवडा. वॉर्नरच्या बहुतेक ब्लू-रे तशा असतात. घेण्याआधी मागचं कव्हर पाहा: ब्लू-रेवर षटकोनात अक्षर असतं, डीव्हीडीवर पृथ्वीगोलात आकडा (अमेरिका १, ब्रिटन २, आपण ५). लॅपटॉपच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा रिजन पाचदाच बदलता येतो, पुढे तो कायमचा अडकतो. तिथे प्रयोग नकोत.

ब्रिटनची डीव्हीडी मिळाली तर वेळ पाहून दचकू नका. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा तिथल्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीत २५ने पळतो, त्यामुळे ८५ मिनिटांचा 'हाय नून' ८२च्या आत संपतो आणि आवाजही जरा चढा लागतो. काही कापलेलं नसतं.

पुसदचा दर्दी
माणसं फुगतात कारण टीव्ही चित्र ताणतो. १९५३ च्या आधीचे हे सिनेमे १.३७:१ (रुंदी:उंची) चे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. प्लेअरमध्ये टीव्हीचा आकार १६:९ ठेवा, ४:३ च्या चित्रासाठी 'ओरिजिनल' किंवा 'पिलरबॉक्स' निवडा, आणि टीव्हीचं 'वाइड', 'झूम' बंद करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. ४३ इंचीवर चित्र ३५ इंचीएवढं उरेल, म्हणून खुर्च्या पुढे सरकवा. '३:१० टू युमा' (१९५७) आणि 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) रुंद आहेत, त्यांना ही अडचण नाही.

रंगीत चमक पिवळ्या पिनच्या वायरमुळे. त्या एकाच तारेतून उजेड आणि रंग दोन्ही येतात, टीव्ही बारीक रेघांनाच रंग समजतो. एचडीएमआय लावा. ते नसेल तर टीव्हीचा 'कलर' थेट ०वर आणा. कृष्णधवल सिनेमात त्याने गमावायचं काहीच नाही.

आभाळ मात्र दुरुस्त करू नका! 'हाय नून'चे दिग्दर्शक झिनेमन आणि छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांना अमेरिकी गृहयुद्धकाळातल्या मॅथ्यू ब्रेडीच्या छायाचित्रांसारखं, जुन्या वार्तापटासारखं रूप हवं होतं. म्हणून आभाळ गडद करणारे फिल्टर त्यांनी टाळले. पांढरं, तापलेलं, निर्दय आभाळ हीच त्या सिनेमाची जान आहे. जॉन फोर्डचा 'फोर्ट अपाची' (१९४८) याच्या अगदी उलट: तिथे इन्फ्रारेड फिल्मही वापरली, ढग अंगावर येतात आणि आभाळ काळंभोर होतं. 'व्हिव्हिड' मोडने दोघांचाही घात होतो. 'सिनेमा' मोड, रंगछटा 'वॉर्म', 'शार्पनेस' जवळजवळ ०, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग पूर्ण बंद. दाणा हा फिल्मचाच भाग आहे. तो पुसला की चेहरे मेणाचे होतात.

'स्टेजकोच'वर ओरखडे दिसले तर डिस्क परत पाठवू नका. मूळ निगेटिव्हच उरलेली नाही, क्रायटेरियनने १९४२ च्या नायट्रेट ड्यूप निगेटिव्हवरून (निगेटिव्हच्या जुन्या नकलेवरून) काम केलं आहे.

आर्वीकर (जि. वर्धा)
पिलरबॉक्सने चेहरे सरळ झाले, 'कलर' ०वर आणल्यावर चमकही गेली. आता 'रेड रिव्हर' आणि लाइटचं राहिलं.

पांढरकवडा टॉकीज
'रेड रिव्हर' १३३ मिनिटांचा असेल तर कथेचे सांधे पडद्यावर हस्तलिखित पानं दाखवून जोडलेत. १२७च्या आवृत्तीत तेच काम अभिनेता वॉल्टर ब्रेननचं निवेदन करतं, आणि शेवटचा सामना थोडा आखूड आहे. वाचनालयात १२७चीच दाखवा. इंग्रजी अक्षरांची पानं वाचेपर्यंत मागच्या रांगेचा धागा तुटतो. निवेदन ऐकताना सबटायटल तरी सोबत असतात. शिवाय दिग्दर्शक हॉक्सची पसंतीही याच आवृत्तीला होती. शेवट मात्र १३३चा जास्त भरीव आहे, क्रायटेरियनच्या संचात दोन्ही मिळतात.

लाइटसाठी इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर अॅम्प्लिफायर गुणगुणतो. इन्व्हर्टर नसताना लाइट गेली की टीव्ही आणि प्लेअरचे प्लग काढा, परत आल्यावर पाच मिनिटं थांबून लावा, पहिला झटका व्होल्टेजचाच असतो. बऱ्याच ब्लू-रे थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू होत नाहीत, म्हणून चालू चॅप्टरचा आकडा कागदावर लिहीत राहा.

डिस्क टिनाखाली ठेवू नका, मे महिन्यात वाकतात. मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि प्लेअरला चूक भरून काढता येत नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असतो, डीव्हीडीचा ०.६ मिमीवर. म्हणून ब्लू-रे अडली तर आधी बोटाचा डाग शोधा, लेन्सवर संशय नंतर.