खोलीत कोंडून दारू सोडवण्याबद्दल

व्यसनमुक्ती केंद्र लांब असेल तर घरच्यांनीच पिणाऱ्याला चार दिवस खोलीत कोंडून दारू सोडवावी, असं काही जण सुचवतात. कळकळीने सांगतो, असं करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली, तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. पुढे दोन-तीन दिवसांत भ्रम, ताप, घाम सुरू होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

आमच्या काकांचा हात दुसऱ्या दिवशी इतका थरथरत होता की पेल्यातलं पाणी छातीवर सांडत होतं. आम्हाला वाटलं, नाटक करतायत. संध्याकाळी फिट आली. दवाखान्यात औषधं आणि थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं मिळाली म्हणून वाचले. गावात दारू सोडवण्याचं काम करायचं असेल, तर आरोग्यसेविकेला, दारू सोडलेल्या जुन्या माणसांना ही लक्षणं आधी शिकवा. दारूच्या दुष्परिणामांवरची व्याख्यानं नंतर ठेवा.