बाबांना पार्किन्सन्स आहे, 36 हजारांचं ब्रेन ट्रेनिंग घ्यावं का? (ठाणे)

पाचपाखाडीकर:
नमस्कार मंडळी. बाबा 71 वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सहाएक वर्षं झाली, थरथर आणि चाल गोळ्यांवर बऱ्यापैकी ताब्यात आहे. पण हल्ली वेगळंच चाललंय. माणसं, नावं, जुने किस्से सगळं लख्ख आठवतं, पण एखादं काम ओळीने करायचं म्हटलं की मधेच अडकतात. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, आता सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक लिहायला बसले की तारीख घालून थांबतात, मग पासबुक उघडतात, मग मलाच विचारतात मी काय करत होतो. घरात दोघं एकदम बोलायला लागले की गप्पच होतात. न्यूरोलॉजिस्टनी टेस्ट घेतली, 30 पैकी 23 आले. म्हणाले डिमेन्शिया नाहीये, माइल्ड आहे, डोक्याला काम देत राहा. आता घोडबंदर रोडच्या एका सेंटरवाल्यांनी तीन महिन्यांचं कॉम्प्युटरवरचं कॉग्निटिव्ह ट्रेनिंग सुचवलंय, फी 36 हजार, आणि 'स्मरणशक्ती परत येते' असं तोंडी सांगतात. आई म्हणते पैशाकडे बघू नकोस. पण मला बघावं लागतंच ना. कोणाला अनुभव?

नेरूळची_माई:
फी भरायच्या आधी बाबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टकडे न्या. सगळ्या म्हणजे बीपीच्या, झोपेच्या, लघवीच्या, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या पण. आमच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं तेव्हा त्यात पॅसिटेन निघाली, थरथरीसाठी कधीतरी दिलेली आणि तशीच चालू राहिलेली, आणि शिवाय वारंवार लघवीला लागतं म्हणून एक वेगळीच. डॉक्टर म्हणाले या दोन्ही वयस्कर माणसाच्या डोक्याला सुस्त करतात, मग हळूहळू कमी करत बंद केल्या आणि सासूबाई पुन्हा कपडे धुणाऱ्या बाईशी हिशोबावरून भांडायला लागल्या 😄 स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका हं, पार्किन्सन्सची गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. बी12 पण तपासा, लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी पडतं, त्यात घर शाकाहारी असेल तर बघायलाच हवं. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा पोट साफ नसणं हे कारण असू शकतं.

वाशी_ओटी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटला रोजची कामं जमावीत हे बघणं माझं काम, त्यामुळे माझं माप थोडं माझ्याच धंद्याकडे झुकेल, ते गृहीत धरून वाचा. 'स्मरणशक्ती परत येते' असं जो म्हणेल त्याच्याकडे पावती फाडू नका. पार्किन्सन्समध्ये माइल्ड त्रास किंवा डिमेन्शिया असलेल्यांच्या ट्रेनिंगवर 2020 मध्ये कॉक्रेनचा (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला, त्यात 7 अभ्यास मिळून जेमतेम 225 माणसं, ट्रेनिंग 4 ते 8 आठवड्यांचं, आणि एकूण बौद्धिक क्षमतेत फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. त्याआधी 2015 च्या एका आढाव्यात वर्किंग मेमरी (काम करताना गोष्ट डोक्यात धरून ठेवणं), विचारांचा वेग अशा गोष्टींत थोडा फायदा दिसला होता. म्हणजे सगळं थोतांड आहे असं नाही, पण स्क्रीनवरचा खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात आणि त्यासारख्या कामात तरबेज होतो, चेक लिहिण्यात होईलच असं नाही. मेंदूचे गेम विकणाऱ्या ल्युमॉसिटीला अमेरिकेत 2016 साली वाढीव दाव्यांबद्दल 20 लाख डॉलर मोजावे लागले, त्या मानाने तुमचं सेंटर लहान मासा.

बाबांचं जे होतंय ते पार्किन्सन्समध्ये नेहमीचं आहे. डोपामिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) कमी झालं की मेंदूच्या पुढच्या भागाला जोडणारं सर्किट मंदावतं, आणि कामाचा क्रम लावणं, एकातून दुसऱ्यात जाणं हे तिथलंच काम. आठवण बहुतेक वेळा जागेवर असते, बाहेर काढायला आधार लागतो. म्हणून तो आधार हाताशी ठेवायचा. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात चेकच्या पायऱ्या लिहा, तारीख, नाव, रक्कम अक्षरी, रक्कम आकडी, सही. टीव्ही बंद. बाबांनी प्रत्येक पायरी तोंडाने म्हणत करायची. टेबलावर फक्त चेकबुक आणि पेन, पासबुक कपाटात. अक्षर बारीक होत जात असेल तर आधी ठळक रेघांच्या कागदावर सराव. जमायला लागलं की मग लाईट बिल, मग वाण्याची यादी, असं पुढे. आणि हे गोळी लागू पडलेली असते त्या वेळात करा, उतरायला लागल्यावर नाही. 36 हजारांत आमच्यासारख्याच्या घरी येण्याच्या बऱ्याच भेटी होतील, ही जाहिरात समजा हवी तर.

उपवनवाला:
मला स्वतःला पार्किन्सन्स आहे म्हणून बोलतो. घरच्यांनी परीक्षा घेणं आधी बंद करा. पाहुणे बसलेले असतात आणि मुलगा विचारतो बाबा सांगा बघू आज वार कोणता. येत असलेलं उत्तर पण तिथेच अडकतं, कारण आम्हाला वेळ लागतो, आणि तुम्हाला धीर नाही. प्रश्न विचारा आणि थांबा, मधे शब्द पुरवू नका.
मी पत्ते खेळतो, बदाम सात आणि मेंढीकोट, चार माणसं समोर हवीत, एकट्याचं शब्दकोडं मला कंटाळवाणं होतं. व्यायाम सोडत नाही, तोच मला सगळ्यात उपयोगी वाटतो. फिजिओबाई चालता चालता उलटे आकडे म्हणायला लावतात, पण ते त्या शेजारी असताना. तलावाच्या कडेने एकटा असतो तेव्हा फोन आला तर थांबतो, बोलतो, मग निघतो. चालणं आणि बोलणं एकदम केलं की पाय जमिनीला चिकटतात.
मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून पेशंटचे ग्रुप चालवते, तुमच्या जवळ कुठे भरतो ते त्यांना विचारा.

पाचपाखाडीकर:
सगळ्यांचे खूप आभार. वार विचारणारा मुलगा आमच्याही घरात आहे, त्याला हे वाचायला देतो (माझा भाऊ). सेंटरला विचारलं की एकच सेशन पैसे भरून बघू का, तर नाही म्हणे, पॅकेजच घ्यावं लागेल, त्यामुळे तो विषय संपला. बाबांच्या फोनवर बुद्धिबळ आणि पत्त्यांचा गेम टाकून देऊ का? गोळ्यांत सिंडोपा (लेव्होडोपावालीच) आणि प्रॅमिपेक्सॉल आहे.

नेरूळची_माई:
बुद्धिबळ टाका. पण प्रॅमिपेक्सॉल आहे ना, मग पैसे लावायचे गेम, लॉटरी, रात्री दोनला ऑनलाइन खरेदी यावर डोळा ठेवा, या गोळीने काहींना अशी ओढ लागते आणि माणूस लाजेने घरी सांगत नाही. बाबांना आधी नीट सांगा की हे गोळीमुळे होऊ शकतं, त्यांची चूक नसते, आणि मग त्यांच्याच सोबत बसून महिन्याचं बँक स्टेटमेंट बघत जा. तसं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, ते डोस बदलतात.

वाशी_ओटी:
माईंना +1. आणि स्टेटमेंट वाचायला बाबांनाच द्या, बँकवाले आहेत, सरावही तोच.