सातवीतल्या मुलाला पीटीच्या तासालाच पोटदुखी – मदत हवी आहे

मुलगा साडेबारा वर्षांचा, सातवीत. गेल्या वर्षी शाळा बदलली. आधीच्या शाळेत एकच बाई बहुतेक विषय शिकवायच्या, आता प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. दप्तर तर बघवत नाही. परवा उलटं केलं तेव्हा तळाशी टोपणं हरवलेली तीन पेनं, पाण्यानं फुगलेली डायरी आणि पालकसभेची चिठ्ठी निघाली. सभा होऊन महिना उलटला होता.

ते एक वेळ चालेल. पण दोनेक महिन्यांपासून पीटी असलेल्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखतं. पोहायला जायचा, ते बंद केलं. उकाड्यातही झिपवालं जॅकेट गळ्यापर्यंत लावून बसतो, खांदे पुढे काढून चालतो. मी सारखी 'ताठ उभा राहा' म्हणते, तो दार आपटून आत जातो. कुणी त्रास देतंय का, हे तीनदा विचारलं. उत्तर एकच, 'काही नाही.' बाबांनी समोर बसवून तासभर समजावलं, त्यानंतर तर जेवतानाही मान वर करत नाही.

ओरडून झालं, लाडात घेऊन झालं. आता काय करू?

प्रतिसाद १

पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवते. दप्तराचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. तुम्ही भरून देऊ नका. रात्री दहा मिनिटं शेजारी बसा, वेळापत्रक त्यालाच वाचू द्या, 'उद्या काय लागेल?' एवढंच विचारा. दोन-तीन आठवडे चुकेल, वही घरी राहील, बोलणी खाईल. ती वही शाळेत पोचवायला धावू नका (हे आयांना सगळ्यात जड जातं, मलाही गेलं). नियोजन करणारा मेंदूचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाकडून 'आपणहून लक्षात ठेव' ही अपेक्षा जरा जास्तच.

छेडछाडीची शंका मात्र सोडू नका. वर्गशिक्षकांना त्याच्या नकळत विचारून ठेवा.

प्रतिसाद २

मुलगेच ते! दोन वर्षांत येईल ताळ्यावर. फार डोक्याला लावून घेऊ नका ताई.

प्रतिसाद ३

वरच्यांशी असहमत. ताई, जॅकेट, पोहणं बंद, पुढे काढलेले खांदे आणि कपडे बदलावे लागतात तोच तास, हे सगळं एकत्र वाचलं आणि माझा थोरला आठवला. त्याच्या छातीत स्तनाग्राखाली गाठ आली होती. हात लागला तरी दुखायची. आपण मुलगी होतोय की काय, या भीतीनं पोरगं चार महिने गप्प होतं.

वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलग्यांना हे होतं. मुलग्यांच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन (बायकांमध्ये जास्त असणारं हार्मोन) असतं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढायच्या काळात दोघांचा तोल जरा ढळतो. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. गाठ भराभर वाढत असेल, स्राव येत असेल, किंवा वयात येण्याची बाकी काहीच लक्षणं नसतील, तर डॉक्टरांना दाखवाच. काही औषधांनीही होतं, कुठलं घेत असेल तर तेही त्यांना सांगा.

पण 'दाखव बघू' अजिबात म्हणू नका. बाबांना सांगा, समोरासमोर बसवायचं नाही. चालताना किंवा गाडीत, दोघांची नजर रस्त्यावर असताना, 'तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना असं होतं, जातं ते' एवढं बोलायचं आणि विषय बदलायचा. त्याच्याकडून लगेच उत्तर मागायचं नाही.

आणि ते 'ताठ उभा राहा' आजपासून बंद.

धागाकर्ती

नऊ दिवसांनी लिहितेय. तिसऱ्या प्रतिसादातलं वाचून पोटात गोळाच आला, कारण मी रोज त्याला ताठ उभं करत होते. बाबा त्याला घेऊन सायकलचं पंक्चर काढायला गेले आणि वाटेत बोलले. तो काहीच म्हणाला नाही. परतताना फक्त विचारलं, 'तुम्हाला पण झालेलं?' यांना झालं नव्हतं, यांनी खरं तेच सांगितलं. 'पण माझा आवाज वर्गात वाचताना फाटायचा,' म्हणाले, तेव्हा हसला म्हणे.

डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं नाही म्हणाले. मी बाहेरच बसले होते, त्यानंच सांगितलं तसं.

जॅकेट अजून आहे. दप्तर दोनदा स्वतः भरलं, एकदा भूगोलाची वही राहिली, मी नेऊन दिली नाही. आता एकच अडलंय. पीटीच्या सरांना सांगून त्याला कपडे बदलायला वेगळी जागा मिळेल, पण तो म्हणतो कुणालाही सांगायचं नाही. टीशर्ट घरूनच आतून घालून पाठवलं तर चालतं का? कुणी तसं केलंय?