मदत हवी आहे: फिटिंग करताना डाव्या श्रवणयंत्राचं कनेक्शन जातं, आणि पेशंटला ‘स’, ‘श’ ऐकू येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. बेळगावात वडगावच्या बाजूला छोटं क्लिनिक आहे आणि दर आठवड्याला एक दिवस खानापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. ट्रेनिंगमध्ये सॉफ्टवेअरचं कुठलं बटण कशासाठी ते दाखवतात, पण पेशंट समोर बसल्यावर पडणारे प्रश्न विचारायला जवळपास कुणी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशंट सत्तरीकडे झुकलेले मामा. उभं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, अजूनही मुलाच्या मागावर रोज थोडा वेळ उभे राहतात. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम जवळजवळ सारखा आहे: ५०० हर्ट्झपर्यंत २५ डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५५, ४००० ला ७५ आणि ८००० ला ७०. बोन कंडक्शनही (हाडातून ऐकण्याची चाचणी) त्याच रेषेत, म्हणजे दोष आतल्या कानाचा. मळ नाही, पडदे ठीक. वडगाव, शहापूर, खासबाग भागात माग चालवणाऱ्यांचे असे उतरते ऑडिओग्राम मला नेहमीच बघायला मिळतात. मामांचं स्वतःचं वर्णन कुठल्याही रिपोर्टपेक्षा नेमकं आहे: “मॅडम, आवाज येतंय की, पण शब्द कळंना झालंय.”

यंत्रं कानामागची, रिसीव्हर कानात बसणारी, दोन्ही कानांना. ३१२ नंबरचा सेल. ओपन डोम, म्हणजे कानात बसणारी, छिद्रं असलेली मऊ टोपी. सॉफ्टवेअर नोआमधून (पेशंटच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) उघडते, वायरलेस डोंगलने यंत्रं जोडते, गेन (आवाज किती वाढवायचा ते) ठरवायचा फॉर्म्युला एनएएल-एनएल२.

पहिली अडचण अशी. दोन्ही यंत्रं सापडतात आणि जोडलीही जातात. पण फीडबॅक टेस्ट (यंत्र शिट्टी कुठे मारतं ते तपासणारी) सुरू केली की डावं जातं. कधी टेस्ट पार पडते आणि नेमकं सेव्ह करताना जातं. पुन्हा जोडल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, यंत्रातलं सेटिंग ठेवायचं की नोआमधलं? अर्धवट सेव्ह झालेल्या यंत्रात काय लिहिलं गेलंय तेच माहीत नसताना मी कुठला पर्याय निवडावा? नवे सेल घालून पाहिले, स्टिकर काढल्यावर हवा लागायला वेळही दिला. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केलं. इतर पेशंटच्या वेळी हा त्रास कधी होतो, कधी नाही. खानापुरात जास्त होतो.

दुसरी अडचण मला जास्त छळते. स्क्रीनवर टार्गेट (फॉर्म्युल्याने सांगितलेला गेन) आणि यंत्राचा गेन या दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या दिसतात. पण मी मागे उभी राहून ‘सात’ म्हटलं की मामा ‘हात’ म्हणतात, ‘शाल’ म्हटलं की ‘चाल’. हाय फ्रीक्वेन्सीचा गेन वाढवला की यंत्र शिट्टी मारतं. आणि घरात भांडी वाजली की ते यंत्र काढून खिशात ठेवतात. रिअल इअर मेजरमेंटचं (कानातला प्रत्यक्ष आवाज मोजणारं) मशीन माझ्याकडे नाही, इतक्यात घेणं परवडणारही नाही.

आणखी एक शंका. सॉफ्टवेअर भाषा विचारतं, टोनल (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो अशी) की नॉन-टोनल. मामा घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड, मागावर दख्खनी उर्दू. मी नॉन-टोनल ठेवलंय. आणि शब्दांची चाचणी कुठल्या भाषेत घ्यावी?

घरातलं बोलणं कळेना म्हणून मामा जेवताना गप्प बसायला लागलेत, असं त्यांच्या सूनबाई सांगत होत्या. ते यंत्र कपाटात जाऊ नये एवढीच माझी धडपड आहे. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिचं मूळ बहुतेक ओपन डोममध्ये आहे.

४००० ला ७५ डेसिबल आणि ओपन डोम हे जमणं अवघड. कानात सोडलेला आवाज उघड्या वाटेने परत माइककडे येतो, म्हणून शिट्टी. फीडबॅक टेस्ट करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रीक्वेन्सीला शिट्टी न मारता किती गेन देता येईल ते मोजतं आणि वरचा गेन कापतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा वेगळ्या रेषेने किंवा शेडने दाखवायची सोय असेल, ती चालू करून बघा. ३००० च्या पुढे गेन त्या मर्यादेला टेकलेला दिसला तर उत्तर तिथेच आहे.

शिवाय स्क्रीनवरची रेषा म्हणजे सरासरी कान धरून केलेला अंदाज. तुम्ही कुठला डोम, किती व्हेंट (हवेचं छिद्र), कुठल्या ताकदीचा रिसीव्हर नोंदवला त्यावर तो अंदाज ठरतो. अकॉस्टिक पॅरामीटर्सच्या पानावर क्लोज्ड डोम लिहिलंय आणि कानात ओपन आहे, असं असेल तर रेषा कितीही जुळल्या तरी त्यांना अर्थ नाही. ते पान आधी तपासा.

माझा सल्ला: कानाचं माप घेऊन मोल्ड, म्हणजे त्याच कानाच्या आकाराचा तुकडा, करा. लो फ्रीक्वेन्सी चांगली आहे, त्यामुळे कान पूर्ण बंद केला तर मामा म्हणतील की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं स्वतःचं बोलणं घुमतंय. म्हणून दोन मिलिमीटरच्या आसपास व्हेंट ठेवा. मोल्ड येईपर्यंत क्लोज्ड डोमवर भागवा. डोम बदलला की पॅरामीटर बदला आणि फीडबॅक टेस्ट नव्याने घ्या, जुन्या टेस्टची मर्यादा नव्या डोमला लागू होत नाही.

एनएएल-एनएल२ मध्ये अनुभवी की नवीन वापरणारा हेही विचारतात, आणि नवीन म्हटलं की गेन कमी मिळतो. स्त्री की पुरुष यावरही थोडा फरक पडतो. नवीन माणसाला गेन कमी देणं चुकीचं नाही, पण तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. आपोआप वाढवण्याची सोय चालू आहे का आणि किती आठवड्यांवर लावलीय ते बघा.

फ्रीक्वेन्सी लोअरिंगला (उंच पट्टीचे आवाज खालच्या पट्टीत आणण्याला) एवढ्यात हात लावू नका. मोल्ड घालूनही ४००० ला पोहोचता आलं नाही तरच तो उपाय, आणि तोही बेताने. जास्त झालं की ‘स’ चा ‘श’ ऐकू यायला लागतो.

प्रतिसाद, निपाणीहून

मॅडम, मी ऑडिओलॉजिस्ट नाही. या भागातल्या दोन-तीन हिअरिंग क्लिनिकचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे फक्त कनेक्शनबद्दल बोलतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लॅपटॉप पेशंटच्या कुठल्या बाजूला असतो? आणि कनेक्शन जातं तेव्हा लाइट असते का?

विचारण्याचं कारण सांगतो. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि या लहरी माणसाच्या डोक्यातून नीट पार होत नाहीत. डोंगल उजवीकडे असेल तर डावं यंत्र डोक्याच्या आड जातं. त्यात डोंगल लॅपटॉपच्या मागच्या निळ्या पोर्टात असेल तर आणखी अडचण, कारण यूएसबी ३.० च्या पोर्ट आणि केबलमधून याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. एक साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल पेशंटच्या समोर, छातीच्या उंचीला, दोन्ही कानांना दिसेल असा ठेवा. लोखंडी टेबलावर आडवा टाकू नका.

लाइटचं म्हणाल तर, लॅपटॉप बॅटरीवर गेला की विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असं सेटिंग आहे. तिथे बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी वेगवेगळा पर्याय असतो, दोन्हीकडे डिसेबल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे, या अर्थाची खूण काढा. विंडोजचा मोठा अपडेट आला की हे पुन्हा तपासा, कधी कधी पूर्ववत होतं.

अजून एक. यंत्रं कुणाच्या मोबाइलला जोडलेली आहेत का? असतील तर फिटिंगच्या वेळी त्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. मोबाइल बाहेर बाकावर बसलेल्या मुलाच्या खिशात असला तरी यंत्र त्याच्याकडे ओढ घेतं.

अर्धवट सेव्हबद्दल: नोआमधलं शेवटचं पूर्ण झालेलं सेशन घ्या आणि दोन्ही यंत्रांत नव्याने सेव्ह करा. मग सॉफ्टवेअर बंद करून, यंत्रांची सेलची झाकणं उघडून-लावून, परत जोडा. यावेळी फरक आहे असा प्रश्न आला नाही तर लिहिणं नीट झालं. फर्मवेअर अपडेट मात्र लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी करूच नका. नवे सेल घालून, चार्जर लावून, बेळगावातच करा.

प्रतिसाद, म्हैसूरहून (विद्यार्थिनी)

मॅडम, नॉन-टोनल बरोबर आहे. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही नॉन-टोनल. टोनल निवडलं की एनएएल-एनएल२ लो फ्रीक्वेन्सीला थोडा जास्त गेन देतं. आपल्या शेजारच्या भाषांत पंजाबी टोनल आहे, त्यामुळे बेळगावच्या मिलिटरी भागातले पंजाबीभाषक पेशंट आले तर तिथे मात्र बदला.

रिअल इअरसाठी वापरतात तो आयएसटीएस सिग्नल सहा स्त्रियांच्या सहा भाषांतल्या आवाजांचे तुकडे जोडून केलाय: अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. त्यात भारतीय भाषा नाही. पण निरनिराळ्या भाषांच्या बोलण्याचा सरासरी स्पेक्ट्रम बराचसा सारखा येतो, त्यामुळे गेन ठरवायला अडत नाही. अडतं ते शब्द ओळखायच्या चाचणीत. तिथे भाषा पेशंटच्या जेवणाच्या ताटावरची घ्यावी असं मला वाटतं. मामांची मराठी आहे तर मराठीच. कन्नड यादी हाताशी आहे म्हणून ती वापरली तर कान चुकतोय की शब्दच ओळखीचा नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

रिअल इअर नसेल तर आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ‘लिंग’ ध्वनी (डॅनियल लिंग यांच्या नावाची चाचणी) रोज वापरा. तोंड झाकून किंवा मागून, एक मीटरवरून, नेहमीच्या आवाजात. नुसतं ऐकू आलं का एवढंच नको, त्यांनी तो ध्वनी उलट म्हणून दाखवायला हवा. शक्य असेल तर स्पीकरमधून वॉर्बल टोन (हेलकावणारा सूर) देऊन यंत्रासह थ्रेशोल्डही (ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज) घ्या. त्यातून फक्त हळू आवाजांचं कळतं, मोठ्या आवाजांचं नाही, हे लक्षात ठेवावं लागतं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार.

निपाणीच्या दादांचा अंदाज बरोबर निघाला. लॅपटॉप पेशंटच्या उजव्या हाताला असतो, दोन्ही ठिकाणी. खानापुरात पावसाळ्यात लाइट सारखी जाते आणि लॅपटॉप बॅटरीवर चालतो, त्यामुळे तिथे त्रास जास्त. सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, एक्स्टेंशन घेऊन डोंगल समोर स्टँडवर ठेवला, मामांच्या मुलाच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं. फीडबॅक टेस्ट आणि सेव्ह दोन्ही सलग पार पडलं.

कोल्हापूरच्या सरांनी सांगितलेली मर्यादेची रेषा चालू केल्यावर चित्र स्पष्ट झालं. २५०० हर्ट्झच्या पुढे गेन पूर्ण छाटला जात होता. माप घेतलंय, मोल्ड यायचाय. तोवर क्लोज्ड डोम घालून नवी टेस्ट केली तर ‘शाल’ आणि ‘चाल’ वेगळे ओळखले. ‘सात’ अजून अधूनमधून चुकतो.

पण भांड्यांचा आवाज आता आधीपेक्षा जास्त लागतो. पूर्ण आवाज कमी केला तर मिळवलेलं जाईल. काय करू? आणि मागावर उभं राहताना यंत्र घालू का, असं ते विचारतायत.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, सगळा गेन खाली आणू नका. फाइन ट्यूनिंगमध्ये हळू, मध्यम आणि मोठ्या आवाजाचा गेन वेगळा असतो, बऱ्याच ठिकाणी ५०, ६५ आणि ८० डेसिबल असा लिहिलेला. ‘स’ हळू आवाजात येतो, भांडी मोठ्या आवाजात. फक्त ८० चा गेन २००० च्या पुढे दोन-तीन डेसिबलने कमी करा, ५० चा आहे तसा राहू द्या. एमपीओ म्हणजे कमाल आवाजाची मर्यादा जरा खाली घ्या. अचानक येणारे तीव्र आवाज दाबण्याचं फीचर असेल तर ते मध्यमवर ठेवा. अशा कानाला हळू आवाज पोहोचत नाही आणि मोठा सोसत नाही, मधली जागा अरुंद असते. काम त्या जागेतच करायचं.

क्लिनिकमध्ये स्टीलची ताटली आणि चमचा ठेवा. सेटिंग बदलल्यावर तिथल्या तिथे वाजवून विचारा.

मागावर यंत्र अजिबात नको. यंत्र काढून डबीत ठेवायचं आणि कानात प्लग किंवा वरून मफ घालायचा. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही हद्द आहे, आणि मागांची शेड ती सहज ओलांडते. बंद केलेलं यंत्र कानात ठेवलं म्हणजे संरक्षण झालं, असं बरेच जण धरून चालतात. व्हेंटमधून आवाज आत जातोच. हे मामांच्या मुलालाही सांगा, त्याचा ऑडिओग्राम अजून बिघडलेला नसेल तर वेळ आहे. त्याचीही तपासणी करून घ्या.

पुढच्या भेटीत डेटा लॉगिंगचं पान उघडा. दिवसाला सरासरी किती तास यंत्र चालू होतं ते तिथे मिळतं. मामा ‘घालतो की’ म्हणतील, पण तास फारच कमी दिसले तर कुठल्या वेळी काढतात ते सूनबाईंना विचारा.

मूळ धागाकर्ती

सर, ताटलीची युक्ती लगेच करते. मुलाला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

निपाणीच्या दादांना शेवटचं एक विचारते. खानापूरचा आणि बेळगावचा लॅपटॉप वेगळा आहे. खानापुरात तपासलेला पेशंट बेळगावात आला की त्याचं सेशन सापडत नाही. उपाय काय?

प्रतिसाद, निपाणीहून

सगळ्यात सोपं म्हणजे एकच लॅपटॉप दोन्हीकडे न्या. ते जमत नसेल तर पेशंटची नोंद एकाच मशीनवर करा आणि नोआच्या एक्स्पोर्टने ती दुसऱ्यावर आणा, दुसरीकडे नव्याने टाइप करू नका. एकीकडे नाव इंग्रजीत, दुसरीकडे देवनागरीत, जन्मतारीख एकीकडे आधारवरची आणि दुसरीकडे अंदाजे, असं झालं की एकाच माणसाच्या दोन फायली होतात. पेशंट नंबरची एकच पद्धत ठरवा, खानापूरच्या नंबरापुढे ‘के’ लावला तरी पुरे.

नोआचा बॅकअप दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि एक्स्पोर्टची फाइल ज्या पेनड्राइव्हवर नेता तो दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरला लावू नका, काम झालं की फाइल पुसून टाका. त्यात पेशंटचं नाव, जन्मतारीख, फोन आणि सगळे रिपोर्ट असतात.