फॅमिली ग्रुप: छोटूनं पहिली नाणी कुठली घ्यावीत?

छोटू: मामा, बक्षिसाचे पाच हजार साठलेत. ऑनलाइन एक लॉट बघितलोय, शंभर जुनी नाणी, शिवराई, व्हिक्टोरिया सगळं मिक्स. दोन हजार म्हणतोय. घेऊ का?

मामा शहापूर: घेऊ नकोस. फोटोत वर चार बरी ठेवलेली असतात, खाली सगळी झिजलेली. आधी सांग, जमवायचं काय आहे तुला?

छोटू: जुनं काहीपण चालतंय की.

मामा शहापूर: काहीपण म्हटलास की डबा भरतो, संग्रह होत नाही. एक धागा धर. एक राजवट, एक धातू, नाहीतर एकाच टांकसाळीची नाणी. मग समोर आलेलं नाणं आपलं की नाही हे तुझं तुलाच कळतं, दुकानदारानं सांगावं लागत नाही.

मावशी निपाणी: चांदीचे रुपये घे रे बाळा. मोडले तरी चांदीचा भाव कुठं जात नाही.

मामा शहापूर: आक्का, तुझं खरं आहे, पण साल बघून. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून युद्धापायी चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा. १९३९ चा कुणी स्वस्तात देऊ लागला तर हातसुद्धा लावू नये, त्याचे बनावट फार फिरतात. बाकी कुठलाही असो, सराफाच्या काट्यावर घालून मगच पैसे द्यायचे.

दादा पुणे: आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं? लाखात जातं म्हणतात ना?

मामा शहापूर: त्याला कोण लाख देणार! अशा जाहिरातींत आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतात आणि पैसे घेऊन गायब. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही, आम्ही कसलं कमिशन घेत नाही.

छोटू: मग मी काय घेऊ सांगा की.

मामा शहापूर: माझं मत विचारशील तर शिवराई, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं नाणं. तांब्याची, हातात वजनदार, आणि आपल्या भागात जुन्या घरांतून अजून निघते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. कुठं 'श्री' अर्धी कापलेली, कुठं ठिपके नुसते एका अंगाला. दहा शिवराया शेजारी ठेव, दोन सारख्या मिळणार नाहीत. खुद्द महाराजांच्या काळातली म्हणून कुणी महाग सांगितली तर आत्ता घेऊ नकोस, ते ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. पेशवाईतली दुदांडी घे, 'छत्र' आणि 'पती'च्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात ती. ती भरपूर मिळते, परवडते. एकच घे, पण अक्षर स्वच्छ वाचता येणारी घे. पाच पुसट घेण्यापेक्षा ती एक बरी.

दादा पुणे: खोटी कशी ओळखायची?

मामा शहापूर: भिंगाखाली कड बघायची. साच्यात ओतलेल्या नाण्याला कडेनं बारीक जोडरेघ दिसते आणि अंगावर सुईनं टोचल्यागत छिद्रं असतात. ठशानं मारलेल्याची कड थोडी फाटलेली, वेडीवाकडी असते.

मावशी निपाणी: आमच्या देव्हाऱ्यात दोन शिवराया आहेत. चिंच आणि पीतांबरीनं घासून लख्ख ठेवलेत. त्यातली एक देते छोटूला.

मामा शहापूर: आक्का, दे, आशीर्वाद म्हणून दे. पण आजपासून घासू नकोस. तांब्यावरचा तो काळपट तपकिरी थर म्हणजे नाण्याचं वय, तो गेला की किंमत पण गेली आणि अक्षरं पण झिजतात. छोटू, तू पण ध्यानात ठेव. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवायचं नाही, हिरवं धरतं. पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, त्यात ठेव.

आई: मामा, आपण कर्नाटकात राहतो, तर टिपूची हत्तीची नाणी पण जमवता येतील ना?

मामा शहापूर: येतील की! तांब्याचा हत्ती फार देखणा. त्याच्या मौलुदी सनाचे, म्हणजे टिपूनं स्वतः सुरू केलेल्या कालगणनेचे, आकडे उजवीकडून डावीकडं वाचायचे, शिकायला मजा येते. पण तो दुसरा धागा. दोन्ही एकदम धरलास छोटू, तर पाच हजारात दोन्ही अर्धे राहतील.

छोटू: आणि फुकटात काय जमेल?

मामा शहापूर: बसच्या सुट्ट्या पैशांतली चालू नाणी! सालाखाली बघ. हिऱ्याची खूण मुंबईच्या टांकसाळीची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. एका सालाची चारही लावून बघ, त्यात डोळा बसतो. रविवारी दहाला शहापुरात ये, सराफाकडं जाऊ. हजाराच्या वर एक रुपया खर्च करायचा नाही, बाकीचे राखून ठेव. आणि पावती मागायची.

छोटू: येतो. भिंग आणू का?

मामा शहापूर: आण.