होगार्थची 'उद्योग आणि आळस' मालिका: पोरांसाठी की मालकांसाठी?

ताम्रपत्र: इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची 1747ची ही 12 मुद्राचित्रं (तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) शिकाऊ पोरांना वळण लावण्यासाठी होती म्हणतात. मला पटत नाही. लंडनमधले दोन विणकर उमेदवार, म्हणजे मालकाकडे काम शिकणारी पोरं: कष्टाळू गुडचाइल्ड मालकाच्या मुलीशी लग्न करून लॉर्ड मेयर (शहराचा प्रमुख) होतो, आळशी टॉम आयडल टायबर्नला फासावर जातो. एका चित्राला 1 शिलिंग, संचाला 12. मजुराची आठवड्याची कमाई साधारण तेवढीच. उमेदवाराला तर राहणं-जेवण मिळे, पगार नाही. मग घेणार कोण? मालकच, कारखान्याच्या भिंतीसाठी.

रेघारेघी: किंमत त्याच्याच आधीच्या मालिकेशी ताडून पाहा. 1745च्या 'मॅरेज आ-ला-मोड'ची 6 चित्रं 1 गिनीला (21 शिलिंग), म्हणजे प्रत्येकी साडेतीन शिलिंग. तीही फ्रेंच कारागिरांकडून कोरून घेतलेली. इथे आधी तैलचित्रं रंगवलीच नाहीत, रेखाटनांवरून थेट तांब्यावर काम केलं. रेघा ठसठशीत, छटा मोजक्या. असा पत्रा लवकर तयार होतो आणि टिकतोही, कारण उथळ, बारीक रेघ आधी झिजते. श्रीमंत संग्राहकासाठी कोणी असं करत नाही.

ताम्रपत्र: रेघ जाड म्हणून गिऱ्हाईक गरीब ठरत नाही. पुढे 1751च्या 'क्रौर्याच्या चार पायऱ्या'साठी त्याने आणखी स्वस्त पडावं म्हणून दोन चित्रं लाकडात कोरून घेतली. खर्च उलट वाढला, बेत सोडावा लागला. शिलिंगही जड जातो, हे त्याला तोवर उमगलं असणार.

जुना छाप: रेघांवर बोलण्याआधी आपल्यासमोरची प्रत कधीची ते तपासा. 1822च्या आवृत्तीसाठी खोदकार जेम्स हीथने होगार्थचे झिजलेले पत्रे दुरुस्त केले होते; त्यावरून मूळ हात जोखू नये. आणि फक्त मालकांना खूश करायचं असतं, तर आठव्या चित्रात गुडचाइल्ड शेरीफ झाल्याच्या मेजवानीत ते अधाशी पाहुणे कशाला?

रेघारेघी: अगदी! शिवाय चौकट पाहा. एका बाजूला चाबूक, बेड्या, फासाचा दोर. दुसऱ्या बाजूला राजदंड, तलवार, लॉर्ड मेयरची सोन्याची साखळी. खाली बायबलचं वचन आहेच, पण ते वाचता न येणाऱ्यालाही या खुणा कळतात. छापचित्रांच्या दुकानाच्या खिडकीत चित्र फुकट पाहता येई. दोर आणि साखळी तिथे उभ्या पोरासाठी आहेत.

ताम्रपत्र: खिडकीचा मुद्दा मान्य. पण पोराला साखळी दाखवली तरी ती मिळते मालकाच्या मुलीशी लग्न आणि धंद्यात भागीदारी झाल्यावर. सगळ्या उमेदवारांना पुरतील इतक्या मुली कुठल्या मालकाला होत्या?